सत्ताशास्त्र आणि सोयाबीन

राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर शेतमालाचे रोजचे बाजारभाव पाहायला मिळतात. आम्ही ते अधूनमधून चाळतो. कोष्टक साधे आहे: बाजार समिती, जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. बाकीचे रकाने समजायला अडचण नाही. अडखळायला होते ते ‘जात/प्रत’ ह्या रकान्यापाशी. जात म्हणजे वाण आणि प्रत म्हणजे दर्जा. ह्या दोन निराळ्या गोष्टी एका तिरक्या रेघेच्या आधाराने एकाच खणात कोंबल्या आहेत. सोयाबीनपुढे त्या खणात कुठे ‘पिवळा’ असते, कुठे ‘लोकल’, क्वचित ‘डॅमेज’. कांद्यापुढे ‘लाल’, ‘उन्हाळी’, ‘लोकल’, ‘नं. १’. म्हणजे पहिला रंग, दुसरा हंगाम, तिसरा मुलूख आणि चौथी प्रत. बोर्हेसने १९४२ साली जॉन विल्किन्सवर लिहिलेल्या निबंधात एका चिनी ज्ञानकोशातले प्राण्यांचे वर्गीकरण म्हणून काही दिले आहे. ते वाचून जगभरचे विद्वान हसले आणि फूकोने तर आपल्या एका आख्ख्या ग्रंथाचा उगम त्या हसण्यात असल्याचे सांगितले. आमच्या कांद्याचा रकाना त्या मानाने उपेक्षितच राहिला म्हणायचा.

ह्या कोष्टकात धाराशिव जिल्ह्याच्या ओळी शोधू लागलो की दुसरी गंमत सुरू होते. कळंब नावाचा तालुका धाराशिवमध्ये आहे, तसाच यवतमाळमध्येही आहे. वाशी हा धाराशिवचा एक तालुका आहे. पण शेतमालाच्या व्यापारात नुसते ‘वाशी’ म्हटले की निम्म्या महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे नवी मुंबईचे घाऊक मार्केट उभे राहते. मुरूम ही उमरगा तालुक्यातली बाजारपेठ, मुरुड ही शेजारच्या लातूर जिल्ह्यातली, आणि आणखी एक मुरुड समुद्रकाठी रायगडात. अडत्याला ह्यांतले काहीही समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या डोक्यात हा सगळा नकाशा आणि ही सगळी नाती आधीच असतात. यंत्राच्या डोक्यात ती नसतात. त्याला दिसतात फक्त अक्षरे, आणि सारखी अक्षरे म्हणजे सारखी वस्तू असे ते धरून चालते.

आता एक साधा व्यापारी प्रश्न घेऊ. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारातले दर बराच काळ त्याच्या खाली होते. शेतकऱ्याचे म्हणणे, लूट चालली आहे. व्यापाऱ्याचे म्हणणे, माल ओला आहे, त्यात माती आहे, हमीभाव १२ टक्के ओलाव्याच्या मालाला आहे आणि समोर आलेला माल तो नव्हे. (त्या वर्षी नोव्हेंबरात केंद्राने खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली, म्हणजे मधल्या एका दिवशी तोच दाणा ‘अपात्र’चा ‘पात्र’ झाला.) दोघेही आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ त्याच कोष्टकातला तोच ‘सर्वसाधारण दर’ पुढे करतात. ह्यांतला कोण किती खरा हे त्या विद्यातून सांगता येत नाही, कारण ज्या दाण्याचा तो दर आहे त्याचा ओलावा कोष्टकात कुठेच नाही आणि प्रतीच्या खणात रंग लिहिलेला आहे. (‘डेटा’साठी ‘विदा’ हा शब्द महाजालावरच्या मराठी मंडळींनी रूढ केला. तो आम्हांला आवडतो. विद्येच्या घरातला वाटतो. सामान्यरूपाचा घोळ होतो तेवढा सोसावा.) विदा भरपूर आहे, वर्षानुवर्षांचा आहे, फुकट आहे. त्यात अर्थ भरायचा राहून गेला आहे.

हा अर्थ विद्यातच भरून ठेवावा, वाचणाऱ्याच्या डोक्यावर सोडू नये, ही कल्पना पाव शतकाहून जुनी आहे. महाजालाचा जनक टिम बर्नर्स-ली ह्याने जेम्स हेन्डलर आणि ओरा लासिला ह्यांच्यासह २००१ च्या मे महिन्यात ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये ‘सिमँटिक वेब’वर लेख लिहिला, तेव्हापासून ती सर्वतोमुखी झाली. तिचे तंत्र ऐकायला अवघड, पण मुळात बालबोध व्याकरणाचे आहे. प्रत्येक वस्तूला एक पक्का, जगात दुसरा नसलेला पत्ता द्यायचा. मग सगळे ज्ञान तीन पदांच्या छोट्या वाक्यांत मांडायचे: अमुक वाशी, हा तालुका आहे, अमुक वाशीचा जिल्हा, अमुक धाराशिव आहे, तमुक वाशी, नवी मुंबईत आहे. ह्या मांडणीचे ‘आरडीएफ’ नावाचे प्रमाण १९९९ साली ठरले. त्यावर, कोणत्या प्रकारच्या वस्तू असू शकतात, त्यांच्यात कोणती नाती संभवतात, कोणती संभवत नाहीत, ह्याचा एक जाहीर तक्ता करायचा. त्या तक्त्याला ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात आणि तो लिहिण्याच्या भाषेचे प्रमाण २००४ साली आले. टॉम ग्रूबर ह्याने १९९३ मध्ये ऑन्टॉलॉजीची व्याख्या केली ती अशी सांगता येईल: आपण एखाद्या विषयाची मनाशी जी कल्पना बांधलेली असते, ती स्पष्टपणे लिहून काढणे.

तत्त्वज्ञानाच्या मराठी पुस्तकांत ऑन्टॉलॉजीला ‘सत्ताशास्त्र’ म्हणतात. सत्ता म्हणजे असणे, अस्तित्व. पण कोणाही मराठी माणसाला ‘सत्ता’ म्हटल्यावर अस्तित्व आठवत नाही, खुर्ची आठवते. हा अपघाती श्लेष आम्हांला फार उपयोगाचा वाटतो. कोणती वस्तू ‘आहे’ असे दप्तराने मानायचे आणि कोणती मानायची नाही, हे ठरवणारा जो असतो त्याच्याकडे दुसऱ्या अर्थाची सत्ताही असते. ह्या तंत्रावर लिहिणारे पहिल्या अर्थापाशीच थांबतात.

जिल्ह्याचे नावच घ्या. २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. ज्यांनी संगणकात ‘उस्मानाबाद’ ह्या अक्षरांनाच जिल्हा मानले होते त्यांच्या नोंदी त्या वर्षी दोन जिल्ह्यांच्या झाल्या, आधीचा संपलेला आणि नंतरचा नव्याने उपजलेला. गाड्यांच्या पाट्यांवर मात्र एमएच २५ होते ते एमएच २५ च राहिले, आणि २०११ च्या जनगणनेने दिलेला ५२५ हा क्रमांकही नावासाठी थांबला नाही. नाव हे वस्तूला चिकटवलेले लेबल आहे आणि वस्तूची ओळख निराळी ठेवावी लागते, हा ह्या तंत्राचा पहिला धडा. आरटीओच्या रांगेतल्या माणसाला तो न शिकता येतो. उलट प्रकार अधिक फसवा असतो. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा निघाला. त्याआधीच्या कागदांतले ‘उस्मानाबाद’ आणि नंतरच्या कागदांतले ‘उस्मानाबाद’ ह्यांची अक्षरे एक, पण जमीन वेगळी. ज्याला हे ठाऊक नाही तो १९८१ आणि १९८३ चे आकडे शेजारी ठेवून जिल्ह्याची शेती दोन वर्षांत बुडाली असा निष्कर्ष काढील. शिवाय २०२४ ची लोकसभा निवडणूक ‘उस्मानाबाद’ ह्याच नावाच्या मतदारसंघात झाली, आणि त्या मतदारसंघात लातूर जिल्ह्यातले औसा आणि सोलापूर जिल्ह्यातली बार्शीही आहे. नामांतराच्या बाजूने आणि विरोधात जे बोलायचे ते लोक बोलले, न्यायालयातही बोलले. आमचे म्हणणे एवढेच, की चांगल्या सत्ताशास्त्रात दोन्ही नावे राहतात आणि प्रत्येकापुढे कधीपासून कधीपर्यंत, कोणाच्या दप्तरात, हे लिहिलेले असते. जुने नाव पुसून नवे भरले तर जुना विदा मुका होतो.

हे सगळे परदेशातून आलेले खूळ आहे, असे आमच्या एका स्नेह्यांचे मत आहे. आम्हांला ते पटत नाही. अमरकोश अकारविल्हे नाही. तो वर्गांत बांधलेला आहे आणि त्याच्या दुसऱ्या कांडातल्या वैश्यवर्गात शेती, धान्ये, मापे, व्यापार एकत्र येतात. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो १६७० च्या दशकात. त्यात सुमारे चौदाशे दरबारी फार्सी-दख्खनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत आणि ते दहा वर्गांत लावले आहेत. शेवटचा वर्ग पण्यवर्ग, म्हणजे विक्रीच्या वस्तूंचा. हा कोश भाषाशुद्धीचा म्हणून गौरवला जातो. आम्हांला तो राज्यकारभाराच्या वस्तूंचा तक्ता म्हणूनही वाचावासा वाटतो: कोणत्या गोष्टी आहेत, त्या कोणत्या घरात बसतात, आणि त्यांना ह्यापुढे काय म्हणायचे, हे एका नव्या सत्तेने ठरवले. अलीकडच्या काळात मुंबईच्या आयआयटीत मराठी वर्डनेट तयार झाले, त्यात समानार्थी शब्दांचे संच आणि त्यांच्यातली नाती नोंदली आहेत. तेव्हा आपल्याकडे परंपराही आहे आणि माणसेही आहेत.

अर्थ न लिहिल्याने काय होते ह्याचा जिल्ह्यातलाच एक जुना दाखला आहे. ‘पेरिप्लस’ हे पहिल्या शतकातले ग्रीक पुस्तक मुळात व्यापाऱ्याचे टिपण आहे: कोणते बंदर, कोणता माल, कुठून येतो. त्यात लिहिले आहे, की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे आणि तिथून साधे कापड व तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचला येते. लिहिणाऱ्याला तगर म्हणजे काय हे सांगायची गरज वाटली नाही; त्याच्या गिऱ्हाइकांना ते माहीत होते. पुढे ती माणसे गेली, व्यापार गेला आणि नाव तेवढे उरले. शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ अशी बिरुदे मिरवत राहिले आणि एकोणिसाव्या शतकातले पंडित तगर शोधत राहिले. कोणी दौलताबाद म्हटले, कोणी जुन्नर, कोणी धारूर. १९०१ साली फ्लीटने ते धाराशिव तालुक्यातले तेर असल्याचे दाखवले, आणि आज ते सर्वमान्य आहे. मात्र त्याच यादीत ‘मोलोखिना’ म्हणून एक कापड आहे. ते नाव रंगावरून पडले की धाग्यावरून, ह्यावर अजून एकवाक्यता नाही. जात की प्रत, हा प्रश्न तेव्हाही एकाच खणात होता.

इथवर हे सारे अभ्यासकांच्या हौसेचे वाटेल. ते तसे नाही, हे जिल्ह्यातल्या लाखो लोकांनी २०२० नंतर अनुभवले.

त्या वर्षी ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला आले असताना प्रचंड पाऊस झाला. पीक विम्याच्या नियमांत अशा नुकसानीचे वेगवेगळे प्रकार होते: स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान, आणि मंडळातले सरासरी उत्पन्न घटल्यामुळे होणारे नुकसान. प्रत्येक प्रकाराची अट निराळी. पहिल्या दोन प्रकारांत शेतकऱ्याने ७२ तासांत सूचना द्यायला हवी. थोड्यांनी दिली, बहुतेकांनी दिली नाही. पाऊस पडत होता, वीज नव्हती, आणि कोणता प्रकार लागू होतो हे शेताच्या बांधावर उभे राहून ठरवणे वकिलालाही जमले नसते. शासनाच्या दप्तरात त्याच पावसाचे, त्याच शेतांचे पंचनामे होते आणि त्यावरून मदतही वाटली गेली होती. विमा कंपनीच्या दप्तरात सूचना नव्हती, म्हणून नुकसानही नव्हते. एकच वावर, एकच चिखल. एका दप्तरात तो ‘आहे’, दुसऱ्यात ‘नाही’. साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांचा हा प्रश्न न्यायालयात गेला, २०२२ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला.

हा खटला आम्ही संगणकाच्या पुस्तकांशेजारी ठेवून वाचतो. ‘पंचनामा क्रमांक अमुकमधले नुकसान आणि विमा अर्ज क्रमांक तमुकमधले नुकसान ही एकच घटना आहे’, हे तीन पदांचे एक वाक्य. ते यंत्राने लिहिण्यात काही अवघड नाही. ते लिहायचे की नाही, ह्यावर साडेतीन लाख घरांचे पैसे अडले होते. म्हणून अर्थाधारित तंत्राने विद्याची कोडी आपोआप सुटतात, असे विकणारे लोक सांगतात तेव्हा आम्ही सावध होतो. त्यांच्या भाषेत ‘सत्याची एकच आवृत्ती’ हा शब्दप्रयोग फार येतो. कंपनीच्या चार विभागांत ‘ग्राहक’ ह्या शब्दाचे चार अर्थ असतात, ते एक करून देतो, असे ते म्हणतात. कंपनीच्या आत हे चालून जाईल, तिथे शेवटी मालक एक असतो. बाजारात नसतो. तिथे ‘प्रत’ ह्या शब्दाचा खरेदीदाराचा अर्थ आणि विकणाऱ्याचा अर्थ वेगळा असतो तो गोंधळामुळे नसतो, हितसंबंधांमुळे असतो. दोन्ही अर्थ एक केले तर त्यांतला बलवान उरेल.

क्ले शर्की ह्याने २००५ साली ऑन्टॉलॉजीला वाजवीपेक्षा जास्त भाव दिला जातो अशा आशयाचा निबंध लिहिला होता. वरून लादलेले वर्गीकरण टिकत नाही, लोकांनी आपापली लेबले लावावीत, त्यांतून रचना आपसूक निघेल, असे त्याचे प्रतिपादन. डग लेनाटने १९८४ मध्ये जगाचे सगळे व्यवहारज्ञान हाताने लिहून काढायचा ‘साय्क’ हा प्रकल्प सुरू केला आणि दशके गेली तरी तो पुरा झाला नाही, हे पाहता शर्कीच्या म्हणण्यात तथ्य आहे. सगळ्या जगाचे सत्ताशास्त्र कोणी करू नये. पण लेबले आपसूक लावली की काय होते ते आमच्या कांद्याच्या रकान्यात दिसते आहे. हल्ली म्हणतात, भाषेची मोठी प्रारूपे आली, ती संदर्भावरून अर्थ ओळखतात, आता तक्त्यांची गरज नाही. अशा एखाद्या प्रारूपाला कळंब कोणते ते संदर्भावरून कळेलही. पण त्या दिवशीच्या ‘पिवळ्या’ सोयाबीनचा ओलावा किती होता हे त्याला कळायला मार्ग नाही, कारण ते कोणी लिहिलेच नव्हते. न लिहिलेल्याचा अंदाज सफाईदार मराठीत मिळेल, इतकेच.

आमची अपेक्षा छोटी आहे. धाराशिवसारख्या एका जिल्ह्यापुरता, सोयाबीन, तूर, हरभरा, कांदा अशा मोजक्या मालांपुरता तक्ता व्हावा. अन्न व कृषी संघटनेच्या ‘ॲग्रोव्हॉक’ ह्या बहुभाषी शब्दसूचीत सोयाबीनची वनस्पती आणि सोयाबीनचा दाणा ह्या दोन वेगळ्या संकल्पना आहेत. आपल्या कोष्टकात निदान वाण, रंग, प्रत, हंगाम आणि ओलावा हे पाच खण वेगळे असावेत. हा तक्ता मराठीत असावा आणि बाजार समितीच्या भिंतीवर लावता यावा. परभणीच्या कृषी विद्यापीठातली मंडळी, मापाडी, अडते आणि शेतकरी एका टेबलाशी बसल्याशिवाय तो होणार नाही. व्याख्येवर मतभेद राहिला तर दोन्ही व्याख्या नोंदाव्यात, कोणाची कोणती ते नावानिशी लिहावे, आणि बदलल्यास तारीख घालून जुनी तशीच ठेवावी. आरडीएफला हे उत्तम जमते. एकमत त्याची अट नाही. अट आहे ती कोण म्हणाले हे लपवायचे नाही, एवढीच. नेमकी तीच लोकांना जड जाते, असा आमचा अनुभव आहे.

घाई अशासाठी, की तक्ते नाहीतरी बदलतच आहेत, फक्त आपल्याला न विचारता. २०२५ च्या खरिपापासून राज्याने पीक विम्याची रचना बदलली. स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान ह्यांसारख्या जोखमी वगळल्या गेल्या आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर आली. त्यामागे खर्चाची आणि गैरप्रकारांची कारणे दिली गेली. ती खोटी आहेत असे आम्ही म्हणत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात भूम-परंडा भागात पूर आला. नदीकाठच्या कितीतरी शेतांत पिकाबरोबर मातीही गेली. महसुलाच्या पंचनाम्यात ‘जमीन खरडून गेली’ असा स्वतंत्र प्रकार आहे आणि ‘गाळ साचला’ असा दुसरा. हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडचे आहेत आणि सरकारने ते जसेच्या तसे घेतले आहेत, ही आम्हांला मोठी गोष्ट वाटते. विम्याच्या नव्या तक्त्यात त्या शेताला स्वतःचे असे नुकसान नाही; ते मंडळाच्या सरासरीतला एक अंश आहे.

दोन्ही कागदांवर गट क्रमांक मात्र एकच असतो. जोडणीला सुरुवात तिथून करता येईल.